कॉइलओव्हर बसवताना : उंचीचा मोह आणि चाकाची चाल

पावसाळ्याची चाहूल लागली की जंगलवाटांवर गाडी घालणारे हौशी चालक गॅरेजकडे वळतात. बहुतेकांची मागणी एकच असते, ‘गाडी दोन इंच उचलून द्या.’ अलीकडे या मागणीला ‘कॉइलओव्हर’ हा परवलीचा शब्द जोडला गेला आहे. परंतु गाडी उंच करणे हा या साधनाचा एक गुण आहे आणि तोही दुय्यम. ते खरेदी करण्यापूर्वी त्याचे मुख्य काम समजून घेणे खिशाच्या आणि जिवाच्याही दृष्टीने हिताचे ठरते.

कॉइलओव्हर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या भोवतीच गुंडाळीची स्प्रिंग बसविलेला एकसंध संच. स्प्रिंग गाडीचे वजन तोलते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिच्या हेलकाव्यांना आवर घालतो. आपल्याकडील जुन्या जीपना ही रचना ठाऊक नव्हती. विलीज जीपपासून मारुती जिप्सीपर्यंतचा प्रवास पोलादी पाट्यांवरच झाला. २०१०मध्ये आलेल्या ‘थार’मध्येही मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार होते. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या २०२०च्या नव्या ‘थार’ने मात्र पुढे-मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा स्वीकारल्या. तिच्या पुढच्या चाकांना डबल विशबोन रचना असून स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्रच असतात. म्हणजे कंपनीने दिलेला संचही कॉइलओव्हरच. बाजारात मिळणारा पर्यायी संच वेगळा ठरतो तो दोन बाबतींत. त्याच्या नळीवर आटे पाडलेले असल्याने स्प्रिंगखालची कडी वर-खाली फिरवता येते आणि त्यातील शॉक ॲब्सॉर्बर अधिक दणकट असतो.

यातील दुसरी बाब अधिक मोलाची आहे. खडकाळ वाटेवर तासभर गाडी हाकली की साध्या शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल तापते, त्यात फेस येतो आणि चाके मनमानी उड्या मारू लागतात. चांगल्या संचात तेल आणि दाबाखालील नायट्रोजन वेगवेगळे ठेवलेले असतात. काहींत तेलासाठी बाहेरून वेगळी टाकी जोडलेली असते. उष्णता पसरण्यास जागा मिळते आणि दिवसअखेरीसही गाडी सकाळइतकीच ताब्यात राहते. पैसे मोजायचे ते यासाठी.

आता कडीविषयी. ती वर फिरविली की स्प्रिंग कडक होते, असा समज सर्रास आढळतो. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगबाबत तो चुकीचा आहे. कडी फिरवल्याने फक्त गाडीची उंची बदलते. शॉक ॲब्सॉर्बरची कमाल लांबी ठरलेली असते. गाडी जितकी उंच बसेल, तितकी चाकाला खड्ड्यात खाली उतरण्यासाठी उरलेली चाल कमी होते. मग खड्ड्यावरून जाताना चाक अधांतरी राहते आणि पुढून ‘खण्ण’ असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे उंचीच्या हव्यासाची पावतीच! शिवाय शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक आर्मच्या मध्याजवळ अडकवलेले असते. त्यामुळे तेथील एका सेंटीमीटरचा फरक चाकापाशी अनेक गाड्यांत दीड ते दोन पट होतो. त्याच प्रमाणात सीव्ही जॉइंटचा कोन तिरका होतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस गळते आणि चिखल आत शिरतो.

बसविण्याच्या कामात सर्वांत मोठा धोका दाबलेल्या स्प्रिंगचा असतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय कधीही सैल करू नये. स्प्रिंग सुटली, तर समोरच्या माणसाचा जबडा किंवा हात वाचत नाही. गाडीतून संच काढण्यासाठी मधल्या नटला हात लावण्याचे कारणही नसते. माथ्याभोवतीचे नट आणि खालचा बोल्ट काढणे पुरेसे असते.

कामाआधी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जॅकवर उचललेली गाडी चॅसिसखाली भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. बोल्ट काढताना ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर आधी मोकळी करावी आणि चाकाचा हब तारेने बांधून ठेवावा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळला, तर तिला होणारी इजा वरून दिसत नाही. नवा संच बसल्यावर चाक पूर्ण खाली सोडून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळी ताणली जात नाही ना, हे पाहावे. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतरच टॉर्क रेंचने अखेरचे आवळावेत. अधांतरी आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. हा नियम अनुभवी मिस्त्रीही घाईत विसरतात.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट अपरिहार्य. उंची बदलली की कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बदलतात. हेडलाइटचा झोतही वर सरकतो, तो खाली आणावा लागतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने एक्स्प्रेस-वेवर अचानक मार्गिका बदलताना गाडी पूर्वीपेक्षा अधिक झुकते, याचे भान चालकाने ठेवावे.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो, तो वेगळाच. म्हणून खरेदीपूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारणा करावी.

काही शे किलोमीटर धावल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. कोकणातील खारी हवा आणि लाल चिखल आट्यांत बसला की कडी जागीच जाम होते. त्यामुळे प्रत्येक सफरीनंतर साध्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने आटे धुवावेत. वाळलेला चिखल तसाच ठेवून कडी फिरवली, तर आटे झडतात आणि महागडा संच भंगारात जातो.