अर्धा पाऊस जमिनीचा

मुंबईत पाणी तुंबले की मिठी नदी, भरती आणि नालेसफाई यांवर वाद झडतात. इमारतीच्या कोपऱ्यातल्या जाळीच्या चेंबरचे नाव त्यात क्वचितच येते. वास्तविक गच्चीवरून, अंगणातून आलेल्या पाण्याचा शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांकडचा प्रवास तिथूनच सुरू होतो.

या वाहिन्यांचे जुने जाळे इंग्रजी अमदानीतले. मैला आणि पावसाचे पाणी वेगवेगळे वाहून न्यायचे, ही त्यामागची पद्धत. गणित होते तासाला २५ मिलिमीटर पावसाचे, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. त्यात आणखी एक गृहीतक होते, आजच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे: पडलेल्या पावसातला निम्माच वाहिनीत येईल, उरलेला जमीन पिऊन टाकील.

तेव्हा ते चुकीचे नव्हते. बंगल्यांभोवती बागा होत्या, वाड्यांना मातीची अंगणे होती, उपनगरांत तर भातशेती आणि मिठागरेच होती. हजार चौरस मीटरच्या आवारात तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला तर २५ हजार लिटर पाणी जमते. पैकी साडेबारा हजार मुरले तर चेंबरवर भार उरतो निम्माच. मग शहाबादी फरश्या आल्या, काँक्रीट आले आणि गेल्या काही दशकांत पेव्हर ब्लॉक. पार्किंगची सोय झाली, चिखल गेला. जमिनीच्या वाट्याचे पाणीही चेंबरच्या गळ्यात पडले.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने या जाळ्याचा अभ्यास करवला. १९९३ मध्ये आलेला हा अहवाल ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने ओळखला जातो. त्याने क्षमता दुप्पट, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितली आणि काहीही मुरणार नाही असे धरून हिशेब मांडला. अर्धा पाऊस जमिनीचा, हे जुने गृहीतक कागदावरूनही गेले. कामे मात्र रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सरासरीच तासाला ३९ मिलिमीटर पडते, आणि त्यातला बराचसा तर दुपारनंतरच्या काही तासांतच पडला होता. त्या पुरानंतर हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभी राहिली.

पण उदंचन केंद्राचा पंप सोसायटीची तुंबलेली जाळी मोकळी करत नाही.

चेंबरची रचना साधी आहे. वर जाळी, बाजूने बाहेर जाणारा पाइप आणि पाइपाच्या तोंडाखाली थोडी खोली. वाळू, माती तिथे बसावी आणि वरचे पाणी पुढे जावे, एवढाच हेतू. ही खोली निम्मी भरली की गाळ काढायला हवा; गाळ पाइपाच्या तोंडाशी पोचला की तो पुढच्या वाहिनीत जाऊन बसतो, जिथे हात पोचत नाही. डबर आणि लादी घासल्याचे पांढरे पाणी ही तर फ्लॅटच्या नूतनीकरणाची देणगी. सिमेंटचा तो गाळ चेंबरमध्ये दगडासारखा घट्ट होतो. काढलेला गाळ कडेला ढीग करून ठेवण्याची आपल्याकडची रीतही अजब: पहिल्याच सरीत तो परत आत!

आवारातले उथळ चेंबर वरूनच फावड्याने, बादलीने साफ होते. माणूस आत उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. रस्त्यावरचे मॅनहोल ही वेगळी गोष्ट. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उघडलेल्या अशाच एका मॅनहोलमध्ये पडून मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. तुंबलेल्या पाण्यात झाकण उचलण्याचा उत्साह कोणीही दाखवू नये.

महापालिका रस्त्याखालची वाहिनी पाहील. कुंपणाच्या आतले चेंबर सोसायटीनेच पाहायचे. मेमधल्या सभेत गाळ काढण्याचा खर्च मंजूर करतानाच आवाराच्या कडेची दोन-तीन फुटांची पट्टी पेव्हरमधून मोकळी करण्याचा ठरावही मांडावा. पार्किंगची एखादी जागा जाईल म्हणून विरोध होईल. तरीही मांडावा.