जुनें शिंग आणि नवें तोंड

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं पूर्वापार चालत आलेलें एक पितळी शिंग आहे. त्यास दोन ठिकाणीं पोचे आले असून एका सांध्याचा डाख सुटला आहे, व फुंकण्याचें तोंड नाहींसें झालें आहे. तांबटाकडून तें नीट करवून, नवें तोंड बसवून घरच्या मंगलकार्यांत वाजवावें, असा त्यांचा मानस. याविषयीं त्यांनीं आमचा अभिप्राय विचारला. प्रश्न एका घरचा नसून जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या सर्वांचाच आहे. म्हणून उत्तर येथें देत आहों.

या बाबतींत मिसर देशांतील एक उदाहरण बोधप्रद आहे. तुतनखामेन राजाचें थडगें हॉवर्ड कार्टर यांस 1922 सालीं सांपडलें. त्यांत तीन हजारांहून अधिक वर्षांचीं, फुंकून वाजविण्याचीं दोन सरळ वाद्यें निघालीं. एक चांदीचें, सुमारें 58 सेंटिमीटर लांब, व दुसरें तांब्याच्या मिश्रधातूचें, सुमारें 50 सेंटिमीटर. प्रत्येकाबरोबर पोकळींत बसणारा रंगविलेला लांकडी गाभाही होता. त्यानें पातळ पत्रा चेमटत नसे. 1939 च्या 16 एप्रिल रोजीं कायरोच्या संग्रहालयांतून त्यांचा ध्वनि बी. बी. सी. नें जगास ऐकविला. वादक जेम्स टॅपर्न हे ब्रिटिश घोडदळाच्या वाद्यपथकांतील होते. तत्पूर्वीं वाजवून पाहतांना चांदीचें वाद्य फुटलें होतें, व रसायनज्ञ आल्फ्रेड लूकस यांनीं तें पुन्हां सांधलें होतें. दीर्घकाळ पुरून राहिलेली चांदी ठिसूळ होते. वरून ती अखंड दिसली तरी तिचा भरंवसा धरतां येत नाहीं.

बरें, इतकें साहस करून जें ऐकूं आलें तें तरी प्राचीन होतें काय? टॅपर्न यांनीं वाद्यास अर्वाचीन तोंड लाविलें होतें. मूळ वाद्यास वाटीसारखें तोंड नाहीं. नळीची कडाच ओठांस लावावयाची. तशा रीतीनें वाजवितां दोनतीन स्वरच निघतात व वरच्या स्वरास अतिशय जोर लागतो. म्हणजे नळी प्राचीन, परंतु स्वरमाला नव्या तोंडाची!

पोथ्या हाताळणाऱ्यांस हा दोष परिचित आहे. त्रुटित अक्षराच्या जागीं शाई भरून आपली कल्पना लिहिणारा लेखक पोथी वाचनीय करतो, पण पुराव्याचा नाश करतो. पुण्यास 1919 ते 1966 या काळांत महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली, तींत संदिग्ध पाठाखालीं नागमोडी रेघ दिली आहे. तर्कास मनाई नाहीं. तो तर्क म्हणून ओळखूं यावा एवढेंच.

स्नेही म्हणतात, न वाजणारें वाद्य तें कसलें वाद्य! आक्षेप खरा आहे, व त्यास तोडही आहे. स्कॉटलंडांत डेस्कफर्ड येथें 1816 च्या सुमारास वराहमुखी रणशिंगाचें केवळ मस्तक सांपडलें. डेन्मार्कांत 1891 सालीं मिळालेल्या गुंडस्ट्रप येथील रुप्याच्या पात्रावर तशींच शिंगें वाजविणारे पुरुष कोरलेले आहेत. त्यांच्या आधारें जॉन क्रीड या कारागिरानें 1993 सालीं संपूर्ण प्रतिकृति घडविली व जॉन केनी यांनीं ती वाजविली. मूळ मस्तकास धक्का लागला नाहीं, आणि तर्क चुकला तर दुसरी प्रतिकृति घडवितां येते.

म्हणून आमचा अभिप्राय असा. मूळ शिंगास हातोडा लावूं नये, नवा डाख देऊं नये, चिंचेनें घासून लखलखीत करूं नये. त्यावरील मळांतही इतिहास असतो. त्याचें वजन, लांबी, ठिकठिकाणचा व्यास व सांधे यांची नोंद करून छायाचित्रें घ्यावींत. त्या मापांवरून तांबटाकडून दुसरें शिंग घडवावें व त्याचें तोंड कल्पित आहे, असें त्यावरच कोरावें. मंगलकार्यांत तें खुशाल वाजवावें.

ज्या वाचकांच्या घरीं अशीं शिंगें मूळ तोंडासह असतील त्यांनीं त्या तोंडांचीं मापें आम्हांस अवश्य कळवावींत. आमच्या स्नेह्यांच्या शिंगाचें हरवलेलें तोंड कसें असावें, हें ठरविण्यास तेवढाच आधार होईल.