शस्त्र अधिनियम व खाजगी मालमत्ता

भारतात अग्निशस्त्रे संपादन करणे, बाळगणे व जवळ घेऊन फिरणे यांचे नियमन १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये होते. घर वा जमीन स्वतःच्या मालकीची असली, तरी तेथे बंदूक ठेवण्याचा अधिकार त्या मालकीतून प्राप्त होत नाही. त्यासाठी परवाना आवश्यक असतो.

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने एतद्देशीयांवर परवान्याची सक्ती केली. यूरोपीयांना मात्र सूट होती. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदलाची मागणी केली. स्वातंत्र्योत्तर अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांवरही शेतकऱ्यास स्वतःच्या शेतात परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही.

घरफोडीसारख्या प्रसंगी खाजगी बचावाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. मात्र बचावापुरते आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आणली. लग्नसमारंभादी प्रसंगी आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करून इतरांचे जीवित धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना असला, तरी गोळी झाडण्याचे समर्थन त्या त्या प्रसंगावरूनच ठरते.