पाटी कोणाची?

गणेशोत्सवाच्या तयारीची सभा आटोपली की चहाबरोबर गप्पा रंगतात. यंदा अशाच गप्पांत एका तरुण मित्राने विचारले, "काका, बाबांच्या फंडाचे पैसे आले आहेत. एखाद्या नामांकित कंपनीची फ्रँचायझी घेऊ, की स्वतःचेच काही सुरू करू?" चहाच्या कपाबरोबर संपणारा हा प्रश्न नव्हे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न ऐकताच मला आपले जयपूर आठवले. सवाई जयसिंहांनी १७२७ साली हे शहर वसवायला घेतले, तेव्हा ठिकठिकाणचे व्यापारी आणि कारागीर येथे बोलावून आणले. मुख्य बाजारांतील दुकानांचे दर्शनी रूप एकाच धाटणीचे ठेवले. १८७६ साली युवराजांच्या भेटीच्या वेळी शहराला गुलाबी रंग दिला गेला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. दर्शनी भाग असा नियमाने बांधलेला. पण आतली गादी, वही आणि गिऱ्हाईक ज्याचे त्याचे. नियम पाळूनही धंदा आपला राहू शकतो, हे जोहरी बाजारातून फिरताना सहज कळते.

'फ्रँचायझी' हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला, पण दुसऱ्याच्या मालावर धंदा उभा करणे जुनेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या. ते मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे, अशी वाटणी होती. माल परका, पण दुकानावरचे नाव घरचे!

पुढे हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवायला घेतले. सायकल लोकांना हवीशी होती. नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेला जागा हवी झाल्याने कारखाना हलवण्याची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतंत्र धंद्याची किंमत ही अशी असते. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या मालाकडे बघत बसण्याची तयारी हवी आणि पाठीशी कोणीतरी हवे.

आता माझे थोडेसे. २००१ साली बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या रकमेतून एका कंपनीच्या संगणकवर्गाची फ्रँचायझी घेतली. खोटे कशाला बोलू, पहिली दोन वर्षे छान गेली. पाटी पाहून मुले येत. वेळापत्रक, पुस्तके, पावत्या सगळे तयार मिळे. मग अभ्यासक्रम बदलले, नवी यंत्रे घ्या असे पत्र आले, कंपनीचा वाटा मात्र पहिल्याइतकाच राहिला. २००६ साली मुदत संपली आणि पाटी उतरली. विद्यार्थ्यांची यादीसुद्धा कराराप्रमाणे कंपनीचीच होती. जन्मभर दुसऱ्यांचे कर्जाचे कागद तपासणाऱ्या मी, स्वतःच्या कराराची शेवटची पाने न वाचताच सही केली होती!

त्यानंतर त्याच खोलीत, माझ्या नावाने, दुकानदारांच्या मुलांसाठी हिशेबाचा वर्ग काढला. पहिले सहा महिने चारच विद्यार्थी. सौ. रोज संध्याकाळी विचारी, "आज कोणी नवीन आले का?" उत्तर देताना मान खाली जाई. पण तो वर्ग पुढे नऊ वर्षे चालला, आणि त्याला लागलेली शिस्त मी फ्रँचायझीतच शिकलो होतो, हेही मान्य केले पाहिजे.

म्हणून त्या मित्राला माझे सांगणे असे. फ्रँचायझी वाईट नाही. ती फी भरून शिकायची शाळा समज. पण शाळा कधीतरी सुटते. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. वाद झाला तर मुख्यतः १८७२ चा करार कायदा आणि तू सही केलेला कागद, यांवरच भिस्त. तेव्हा करार शेवटच्या पानापासून वाच. मुदत संपल्यावर जागा, गिऱ्हाईक आणि नाव यांतले तुझे काय उरणार, हे विचार. चालू फ्रँचायझीवाल्यांना भेट, आणि सोडून गेलेल्यांना तर जरूर भेट. स्वतःचेच काढायचे ठरवलेस, तर वर्ष-दोन वर्षांचा घरखर्च आधी बाजूला ठेव. आणि दोन्हीपैकी काहीही केलेस, तरी बाबांचा सगळा फंड एका डावात लावू नकोस.

कोणत्याही कार्याचा आरंभ आपण श्रीगणेशा म्हणून करतो. तो जरूर कर. पण त्या आधी कागद नीट वाचून घे. विघ्नहर्ता तुझ्या पाठीशी राहो!