दार्जिलिंग : आरोग्य कुणाचे?



मी इतिहासाचा पंडित नाही. बेळगावात चाळीस वर्षे साखरेच्या गोळ्यांच्या पुड्या बांधत आलेला माणूस. पण केस घेताना आम्ही होमिओपॅथ रोग्याला एक प्रश्न हमखास विचारतो : हे सुरू कधी झाले, आणि त्याआधी काय घडले होते? गेल्या वर्षी दार्जिलिंगला गेलो, तेव्हा त्या गावालाही मी हेच विचारले.

या गावाचा केसपेपर १ फेब्रुवारी १८३५ रोजी उघडतो. त्या दिवशी सिक्कीमच्या राजाने दार्जिलिंगचा डोंगर ईस्ट इंडिया कंपनीला लिहून दिला. कारण काय, तर कंपनीच्या आजारी नोकरांना थंड हवा मिळावी. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. सहाच वर्षे आधी, १८२९ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली होती. तिथेही निमित्त हवापालटाचेच होते. पुढे दहा वर्षांत महाराजांची गादी गेली. सिक्कीमच्या राजाला १८४१ पासून वर्षाला ३,००० आणि १८४६ पासून ६,००० रुपये मिळू लागले. १८४९ मध्ये कंपनीचे अधिकारी डॉ. कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांना सिक्कीममध्ये कैद झाली. ती सबब धरून १८५० मध्ये कंपनीने ती रक्कम तर बंद केलीच, शिवाय तराईसह आणखी मुलूखही घेतला.

हे कॅम्पबेल पेशाने शल्यवैद्य. दार्जिलिंगचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हा तिथली वस्ती जेमतेम १०० होती. दहा वर्षांत ती १०,००० वर गेली. १८४१ मध्ये त्यांनी आपल्या बंगल्याच्या आवारात चहाचे बी लावून पाहिले, ते रुजले, आणि १८५६ पासून व्यापारी मळे उभे राहू लागले. मळ्यांना हात हवे होते. ते मुख्यतः नेपाळातून आले. १८८१ मध्ये दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी गावात पोचली. वाटेत घूमला ती ७,४०७ फुटांवर चढते. आज आपण तिच्या खिडकीतून फोटो काढतो. तेव्हा ती वर धान्य नेई आणि खाली चहा आणी.

आरोग्याचे काय झाले? १८८३ मध्ये ईडन सॅनिटेरियम उघडले, ते युरोपियनांसाठी. हिंदी माणसांसाठी लुइस ज्युबिली सॅनिटेरियम निघाले, ते वेगळे. हवा एक, पण ती घ्यायच्या खोल्या दोन.

याच डोंगरांत, मंगपूच्या बाजूला, १८६० नंतरच्या दशकात सरकारने सिंकोनाची लागवड केली. या झाडाच्या सालीपुढे आम्हा होमिओपॅथांचे हात आपोआप जुळतात. १७९० मध्ये हानेमान यांनी तीच साल स्वतःवर घेऊन पाहिली आणि आमच्या शास्त्राचा उगम झाला. पण इथे मी हात जोडले ते वेगळ्या कारणाने. इथल्या सालीचे क्विनाइन १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांतून पैशाला पुडी या दराने विकले गेले. आरोग्याच्या नावाने घेतलेल्या या डोंगराने गरिबाच्या घरी काही पोचवले असेल, तर ती ही कडू पुडी.

परतीच्या आदल्या दिवशी एका मळ्याच्या वाटेवर पन्नाशीची एक बाई भेटली. पाठीवर डोको, म्हणजे पानांची टोपली, आणि तिचा पट्टा कपाळावर. डॉक्टर आहे कळताच तिने मानेचे दुखणे सांगितले. मी सवयीने म्हणालो, “थोडे दिवस विश्रांती घ्या.” ती हसली. म्हणाली, “घर मळ्याचे आहे, डॉक्टरसाब. घरातले कुणी मळ्यावर गेले नाही, तर घर जाते.” चार पिढ्या त्याच उतारावर राहूनही पायाखालची जमीन तिच्या नावावर नव्हती.

सीमाभागात आपणही कागदावरच्या रेघेचे दुखणे जाणतो. राजाने डोंगर लिहून दिला, कंपनीने लिहून घेतला. त्या कागदावर राबणाऱ्याचे नाव कधी आलेच नाही. या दुखण्यावर माझ्या पेटीत गोळी नव्हती. मानेसाठी एक पुडी बांधून दिली आणि उतरलो.