सुट्ट्या पैशांवाचून अडलेला फोन

मंडळी, आज लढाई नाही, सिनेमा. पण विषय आपलाच आहे : हुकूम कोणाचा आणि तो मागे कोण घेणार?

१९५८ साली पीटर जॉर्ज यांची ‘रेड अलर्ट’ ही कादंबरी आली. एक अमेरिकन जनरल स्वतःच्या अखत्यारीत रशियावर अणुबॉम्ब घेतलेली विमानं धाडतो, अशी गोष्ट. पुस्तक अगदी गंभीर. स्टॅन्ली कुब्रिकनं सिनेमाही गंभीरच काढायला घेतला होता. पण पटकथा लिहिताना प्रसंग सारखे हास्यास्पद होऊ लागले, तेव्हा त्यानं तेच ठेवले. क्युबाच्या पेचाला सव्वा वर्ष झालं असताना, जानेवारी १९६४ मध्ये ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ झळकला.

मरणावर हसणं हॉलिवूडला नवं नव्हतं. ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’मध्ये (१९४४) दोन प्रेमळ म्हाताऱ्या पाहुण्यांना विष पाजतात. पण ती घरातली मढी. इथे हसायचं होतं ते थेट सेनापतींना.

त्यातला एक प्रसंग प्रत्येक सिग्नलवाल्यानं बघावा. विमानं परत बोलावण्याचा संकेत ग्रुप कॅप्टन मँड्रेकला उमगलाय. तळावरच्या लाइन तुटल्यात. उरलाय नाणी टाकायचा सार्वजनिक फोन, आणि खिशात सुट्टे नाहीत! कोका-कोलाच्या मशीनवर गोळी झाडून नाणी काढा म्हटलं, तर समोरचा कर्नल कचरतो : कंपनीची मालमत्ता आहे ना! असे कर्नल खरोखर असतात, एवढंच सांगतो.

असं प्रत्यक्षात घडूच शकत नाही, असा अमेरिकी हवाई दलाचा खुलासा सिनेमाच्या सुरुवातीलाच झळकतो. पण आयझेनहॉवर यांच्या काळात, राष्ट्राध्यक्षांशी संपर्क होणं शक्य नसेल तर ठरावीक परिस्थितीत अण्वस्त्रं वापरण्याची परवानगी काही वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना आगाऊ दिलेली होती. ते कागद कित्येक दशकांनी खुले झाले. सिनेमातला जनरल वापरतो ती तरतूद जवळपास हीच. शत्रूच्या पहिल्याच हल्ल्यात राजधानी गेली, तर प्रत्युत्तर कोण देणार? लष्करी दृष्टीनं प्रश्न रास्त होता. म्हणूनच तो विनोद झोंबतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात याच विषयावर सिडनी ल्युमेटचा ‘फेल सेफ’ आला. तो चांगला आहे आणि पूर्ण गंभीर. दोन्ही बघा, पण आधी ‘फेल सेफ’. उलट क्रमानं बघितलात, तर राष्ट्राध्यक्ष झालेला हेन्री फोंडा फोन उचलतो तेव्हा नको तिथे हसू फुटतं.