मिचमचे कॅमोमाइल

लंडनच्या दक्षिणेस, तेव्हाच्या सरे परगण्यात वँडल नदीच्या काठी वसलेले मिचम हे गाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात औषधी वनस्पतींच्या शेतीसाठी प्रसिद्धीस आले. स्थानिक इतिहासाचे लेखक डॅनियल लायसन्स यांनी १७९२ मध्ये नोंदविले आहे की, सुमारे ४० वर्षांपूर्वी जेथे जेमतेम काही एकर जमीन या पिकांखाली होती, तेथे आता २५० एकरांहून अधिक जमीन आली होती. त्यांपैकी सुमारे १०० एकरांत पेपरमिंट होते आणि उरलेल्या जमिनीत लॅव्हेंडर, ज्येष्ठमध, रेवंदचिनी यांच्या जोडीला कॅमोमाइल.

शेवंतीच्या कुळातील ही वनस्पती जमिनीलगत पसरते आणि तिला पिकल्या सफरचंदाचा वास येतो. युनानी वैद्यकातील बाबूना ही तिची जवळची, परंतु निराळी जात होय. जे एक फूल म्हणून दिसते, तो वस्तुतः स्तबक, म्हणजे एकाच बैठकीवर दाटलेल्या लहान पुष्पकांचा समूह असतो: मध्ये पिवळी बिंब-पुष्पके, कडेला पांढरी किरण-पुष्पके. बागायतदारांनी जोपासलेल्या दुहेरी वाणात पिवळ्यांची जागा बहुतांशी पांढऱ्यांनी घेतलेली असते. बियांपासून हा वाण खात्रीने उतरत नसल्यामुळे वसंताच्या आरंभी जुन्या रोपांचे फुटवे वेगळे करून लावावे लागत, आणि खुडणीच्या दिवसांत पाऊस आला की फुले काळवंडून माल हलका ठरे.

औषधी गुण मुख्यतः पिवळ्या भागात असतो, असे मॉड ग्रीव्ह यांनी १९३१ च्या आपल्या वनौषधिग्रंथात लिहिले आहे. तरीही ब्रिटिश फार्माकोपियाने, म्हणजे अधिकृत औषधसंहितेने, दुहेरी फुलांनाच मान्यता दिली होती. एकेरी फुलांतील तीव्र द्रव्य जठराच्या अस्तरास अपाय करीत असल्यामुळे असे झाले असावे, असे ग्रीव्ह सुचवितात. हे कारण खरे असले, तरी पुरेसे वाटत नाही, कारण वाळल्यावरही पांढरी राहणारी फुले बाजारात उत्तम प्रतीची मानली जात, आणि दुहेरी वाण नेमकी तीच मागणी पुरवीत असे. घरोघरी मात्र या फुलांचा काढा पोटाच्या तक्रारींवर दिला जाई, आणि खसखशीच्या बोंडांबरोबर उकळून त्यांचा शेक सुजेवर व दुखऱ्या भागावर घेतला जाई. फुलांतून वाफेने काढलेले ताजे तेल निळसर असते. उजेडात व हवेत ते हळूहळू हिरवट आणि पुढे पिवळसर होते.

एकोणिसाव्या शतकात बेल्जियम व सॅक्सनी येथील वाळलेली फुले इंग्लंडच्या बाजारात येऊ लागली, आणि पसरत्या लंडनमुळे मिचमच्या शेतांना घरबांधणीची किंमत मिळू लागली. तिच्यापुढे कोणतेही औषधी पीक टिकणे अवघड होते.